नवख्याचा प्रश्न आणि आप्ताचे उत्तर

एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात संगणकावरील बहुखेळाडू खेळांसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले. तेव्हापासून या खेळांकडे संहिता म्हणून पाहण्याची दृष्टी समीक्षेत हळूहळू रुजत गेली. मात्र त्यानंतरच्या विवेचनाने जे जे उचलले, त्यात खेळांची कल्पित जगे, खेळाडूचे सोंग, कथानकाच्या फुटत जाणाऱ्या वाटा आणि क्वचित भाषेतील हिंसा एवढेच आले. या जगांत सर्वाधिक बोलले जाणारे जे बोलणे, म्हणजे नव्याने आलेल्याचे प्रश्न आणि जुन्यांची उत्तरे, ते मात्र निव्वळ सोयीचे म्हणून बाजूला पडले. 'दार कसे उघडते', 'ही तलवार कोणाकडे द्यायची', 'मेल्यावर परत कुठे जायचे' अशा वाक्यांत समीक्षेला काही सापडेल असे कोणाला वाटले नसावे. ही उपेक्षा तपासून पाहावी अशी आहे. जी संहिता कृती केल्यावाचून पुढे वाचताच येत नाही, तिच्यात 'कसे' हा प्रश्न 'काय' या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. कादंबरीतील दाराचा अर्थ वाचकाला दार न उघडता कळतो. खेळातील दार उघडेपर्यंत त्याला अर्थच नसतो.

या बोलण्याचा इतिहास खेळांइतकाच जुना आहे. एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलेल्या आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे वाढविलेल्या 'मड' या केवळ शब्दांतून उभ्या राहिलेल्या जगात पायऱ्यांची एक उतरंड होती. तिच्या तळाशी 'नवशिका' आणि शिखरावर 'जादूगार'. नवशिकेपण ही येथे एक अधिकृत पदवी होती, हे ध्यानात घ्यावयास हवे. जादूगार झालेल्याला जगाची व्यवस्था राखण्याचे अधिकार मिळत आणि त्या पदाला पोचण्याचा मार्ग जगाची रहस्ये उलगडण्यातून जात असे. साहजिकच जाणत्याने नेणत्याला सांगणे हे जितके पुण्य, तितकेच पाप. रहस्य सांगितले तर नवशिक्याचा प्रवासच संपतो. न सांगितले तर तो पहिल्याच दलदलीत बुडून पुन्हा फिरकत नाही. बार्टल यांनी १९९६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात खेळाडूंचे यशार्थी, शोधक, संवादप्रिय आणि संहारक असे चार प्रकार कल्पिले. ही वर्गवारी पुढे फार वापरली गेली, कदाचित अती. परंतु तिच्यात नवख्याला स्वतंत्र स्थान नाही. नवखा हा अद्याप कोणत्याच प्रकारात न पडलेला माणूस असतो. या चौघांपैकी कोणाशी त्याची पहिली गाठ पडते, यावर तो काय होणार हे बऱ्याच अंशी ठरते.

शास्त्रग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची आपल्याकडे प्रथा होती. विषय, प्रयोजन आणि संबंध यांच्या जोडीला 'अधिकारी', म्हणजे हा ग्रंथ वाचण्यास पात्र कोण, हेही प्रारंभीच नमूद केले जाई. बहुखेळाडू खेळ हा या अर्थाने उलटा ग्रंथ होय. तो कोणालाही आत घेतो आणि अधिकारी आत गेल्यावर घडवतो. हे घडवण्याचे काम खेळाच्या निर्मात्याला एकट्याने साधत नाही, म्हणून ते संवादवाहिनीवर येऊन पडते.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ साली सुरू झालेल्या खेळातील 'बॅरन्स' नावाच्या माळरानाचे उदाहरण या संदर्भात मोलाचे आहे. दोन पक्षांपैकी एका पक्षाचे बहुतेक नवे खेळाडू आपल्या जन्मगावाची हद्द ओलांडून या विस्तीर्ण, पिवळट, उन्हाने रापलेल्या प्रदेशात येत आणि बराच काळ तेथेच वावरत. प्रदेशात असलेल्या सर्वांना मिळून एकच सार्वजनिक वाहिनी होती. तीवर नवखे प्रश्न विचारीत, जुने त्यांची थट्टा करीत, कोणी खोटी उत्तरे देई, कोणी विषय सोडून चित्रपटनटांवरील विनोद सांगे. या कोलाहलात एक प्रश्न मात्र न चुकता दररोज, शेकडो वेळा उमटत असे: मॅन्क्रिकची बायको कुठे आहे?

मॅन्क्रिक हा चौकातील ठाण्यावर उभा असलेला एक योद्धा. लढाईत ताटातूट झालेल्या पत्नीचा शोध घेण्याची कामगिरी तो खेळाडूवर सोपवतो. कामगिरीच्या मजकुरात ठिकाणाचा निर्देश इतका मोघम होता की माळरान पालथे घालूनही ती अनेकांना सापडत नसे. आणि सापडे तेव्हा तिचे प्रेत सापडे. खेळाडूने परत जाऊन नवऱ्याला ही वार्ता द्यायची, एवढीच ती कथा. मूळ संहितेत हा एक छोटा, जवळजवळ रूक्ष वाटावा इतका संयत शोकप्रसंग आहे. वाहिनीने त्याचे काय केले? दर दोन मिनिटांनी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाने त्यातील शोक झिजवून टाकला. प्रश्न हेच विनोदाचे निमित्त झाले, प्रश्न विचारणारा हास्यास्पद ठरला आणि पुढे तर ज्यांना उत्तर ठाऊक होते तेच तो मुद्दाम विचारू लागले.

येथे याकबसन यांनी १९६० साली मांडलेली भाषाकार्यांची विभागणी उपयोगी पडते. माहिती मागणारे वाक्य संपर्क टिकवणारे वाक्य बनले. 'कुठे आहे' याचा अर्थ 'कोण आहे' असा झाला. प्रश्न विचारणारा नवखा आपण नवखे आहोत हे कबूल करीत होता, तर तोच प्रश्न थट्टेने विचारणारा आपण नवखे नाही हे सांगत होता. शब्द तेच, वाहिनी तीच. वाक्याचा अर्थ मात्र बोलणाऱ्याच्या पायरीवरून ठरत होता. ही द्विस्वरता कोणा लेखकाने योजलेली नाही. म्हणूनच तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने अधिक काळजीने पाहावयास हवे.

२००९ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या सुधारणेने कामगिरीचे ठिकाण नकाशावरच दाखवायला सुरुवात केली. प्रश्नाची गरज संपली. पुढच्याच वर्षी नव्या आवृत्तीतील प्रलयात ते माळरान मधोमध दुभंगले. निर्मात्यांच्या दृष्टीने ही सोय होती आणि तिला सोय म्हणण्यात चूक नाही. प्रेत शोधत तासभर वणवण करणे हे कोणाच्याही रसिकतेचे प्रमाणपत्र नव्हे. तथापि नकाशावरचा ठिपका आणि अनोळखी माणसाचे उत्तर या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेऊ शकतात असे मानणे हा संज्ञापनाचा फार अरुंद विचार होईल. ठिपक्याला विचारणाऱ्याचे नाव ठाऊक नसते.

जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ साली उमेदवारीच्या पद्धतींचा जो अभ्यास मांडला, त्याने या प्रश्नावर वेगळा प्रकाश पडतो. लायबेरियातील शिंप्यांकडे उमेदवार आधी बटणे लावणे, दुमडी घालणे अशी शेवटची कामे शिकतो आणि कापड बेतण्याकडे सर्वांत शेवटी येतो. तो कडेला बसलेला असतो, पण सगळे त्याच्या डोळ्यांसमोर घडत असते. याच ग्रंथात उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील मोठ्या दुकानांत मांस कापण्याचे काम शिकणाऱ्या उमेदवारांना वेष्टनयंत्रापाशी वेगळ्या खोलीत उभे केले जाई आणि तेथून निष्णात कारागिरांचे काम दिसतच नसे. 'बॅरन्स'ची वाहिनी उद्धट होती, गलिच्छही होती, पण ती शिंप्याचे दुकान होती. नवख्याला तेथे न विचारताही पुष्कळ ऐकू येत असे. नंतरच्या काळात नवख्यांसाठी राखलेल्या वाहिन्या आल्या, त्यांपैकी बऱ्याच वेष्टनाच्या खोलीकडे झुकतात.

या वाहिन्यांपैकी सर्वांत विचारपूर्वक रचलेली म्हणून 'फायनल फँटसी चौदा' या जपानी खेळातील व्यवस्थेचा निर्देश करावा लागेल. २०१३ साली नव्या रूपात पुनर्जन्म घेतलेल्या या खेळाने २०१६ च्या फेब्रुवारीत 'नवशिक्यांचे जाळे' ही वाहिनी सुरू केली. नव्या खेळाडूच्या नावापुढे कोवळ्या पानाचे चिन्ह असते. हे चिन्ह जपानी वाचकाला परके नाही. तेथे नव्याने परवाना मिळालेल्या चालकाला वर्षभर गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानाची खूण लावावी लागते आणि हा प्रघात १९७२ पासूनचा आहे. आपल्याकडील शिकाऊ चालकाच्या गाडीवरील तांबडे रोमन अक्षर इतरांना सावध करते. पान सावध करतेच, शिवाय अजून वाढायचे आहे असेही सुचवते. समोरच्या बाजूला मार्गदर्शक आहे आणि त्याच्या नावापुढे मुकुट आहे. मुकुटासाठी बरेच खेळून झालेले असावे लागते आणि सहखेळाडूंनी दिलेली प्रशस्ती ठराविक संख्येने जमावी लागते.

पान आणि मुकुट ही जोडी वरवर निरागस दिसते. चिन्हमीमांसेच्या दृष्टीने मात्र ती विषम आहे. पान हे अवस्थेचे चिन्ह, मुकुट हे पदाचे. पान काळाने गळते, मुकुट मिळवावा लागतो. अर्थात यांतील एक नैसर्गिक आणि दुसरे राजकीय. शिकवणे हे राज्य करण्यासारखे आहे असे कोणी ठरवून म्हटलेले नाही, पण चित्र तसे म्हणते. खेळाडूंनी हे ओळखले नाही असे नव्हे. एका हॅम्बर्गर विकणाऱ्या साखळीत मुलांना मिळणाऱ्या कागदी मुकुटाची उपमा देऊन त्यांनी या मुकुटाची जी चेष्टा चालवली, तिच्यात समीक्षेचा अंश आहे. त्यातून मार्गदर्शकांना वाहन म्हणून एक दुर्मिळ घोडा बक्षीस ठेवला गेला आणि तो मिळण्यासाठी मार्गदर्शकांसाठी राखलेल्या मार्गाने दोन हजार मोहिमा पुऱ्या कराव्या लागतात. दोन हजार मोहिमांत किती नवख्यांना मदत झाली, हे मोजले जात नाही. मोहिमा मोजल्या जातात. घोड्यासाठी मुकुट आणि मुकुटासाठी प्रशस्ती अशी साखळी तयार झाली की तिच्या टोकाशी उभा असलेला नवखा हा साधन होतो.

वाहिनीवरील प्रत्यक्ष बोलण्याचे काय? खेळाडूंची सर्वसाधारण तक्रार अशी की तेथे मुकुटवालेच आपसांत गप्पा मारीत बसतात आणि पानवाले गप्प असतात. सर्व ठिकाणी असेच असते असे नाही. काही सर्व्हरांवर ही वाहिनी खरोखर प्रेमाने चालवली जाते. परंतु तक्रार इतकी व्यापक आहे की तिच्यामागचे कारण व्यक्तींच्या स्वभावात न शोधता रचनेतच शोधावे लागेल. नवखा ठराविक तास खेळून आणि कथानकाचा ठराविक टप्पा ओलांडून वाहिनीबाहेर जातो. मार्गदर्शक तेथेच राहतो. जी सभा श्रोते बदलते ठेवते आणि वक्ते कायम ठेवते, ती हळूहळू वक्त्यांची होणार, हे समजण्यास मोठ्या सिद्धान्ताची गरज नाही. मराठी साहित्यसंस्थांच्या इतिहासात याची उदाहरणे वाचकाला सहज आठवतील.

या संदर्भात न्यायदर्शनातील आप्त ही संकल्पना आठवणे अप्रस्तुत होणार नाही. शब्द हे प्रमाण केव्हा? तो आप्ताचा उपदेश असेल तेव्हा. आप्त कोण, याचे वात्स्यायनभाष्यातील विवेचन फार उदार आहे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते. आप्तता ही पदाची बाब नाही. ती त्या त्या वाक्यापुरती, त्या त्या विषयापुरती असते. काल आलेल्या खेळाडूने परवा आलेल्याला दलदलीतील वाट सांगितली, तर त्या वाटेपुरता तो आप्तच होय. मुकुटाची व्यवस्था नेमकी येथे चुकते. ती आप्ततेला वाक्यातून काढून माणसाच्या डोक्यावर बसवते. मग मुकुटवाल्याचे चुकीचे उत्तरही प्रमाण भासते आणि पानवाल्याचे बरोबर उत्तर आगाऊपणा ठरते.

याच्या उलट टोकाला 'ईव्ह ऑनलाइन' हा २००३ साली आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने काढलेला अवकाशव्यापाराचा आणि युद्धाचा खेळ आहे. येथे फसवणूक हा खेळाच्या नियमांत बसणारा व्यवसाय आहे. आश्वासने मोडणे, खोटे सौदे करणे, विश्वास संपादन करून संघाची तिजोरी रिकामी करणे हे सारे चालते. मात्र नवे खेळाडू जेथून आरंभ करतात त्या तारामंडळांत त्यांना नाडण्यास निर्मात्यांनी मनाई केली आहे, आणि आरंभीच्या दिवसांसाठी त्यांना एक मदतवाहिनीही आहे. म्हणजे खोटेपणाच्या विश्वात सत्याचे एक लहान अंगण आखून दिलेले आहे. अंगणाबाहेर पाऊल टाकताच प्रत्येक उत्तराबरोबर एक न विचारलेला प्रश्न येतो: हा मला का सांगतो आहे? आणि अशाच जगात २००४ साली खेळाडूंनी स्वतःहून 'ईव्ह युनिव्हर्सिटी' स्थापन केली. नव्यांना शिकवणे हाच तिचा उद्देश. तिचे वर्ग भरतात, टिपणे आहेत, ज्ञानकोश आहे. निर्मात्यांनी कोणताही मुकुट दिलेला नसताना ही संस्था इतकी वर्षे टिकली. जेथे प्रत्येक शब्द संशयास्पद, तेथे खरे बोलण्याला किंमत येते, हे याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की तेथील शिक्षकाला विद्यार्थ्यासमोर आपली आप्तता दर वेळी नव्याने सिद्ध करावी लागते. संशय घेण्यास शिकवणे हाच जेथे पहिला पाठ आहे, तेथे गुरूलाही त्यातून सूट नाही.

नवख्यांच्या वाहिनीतील सर्वांत नाजूक प्रश्न मात्र सत्यासत्याचा नसून किती सांगावे याचा आहे, आणि येथे साहित्यसमीक्षेला आपलाच चेहरा दिसावा. 'फायनल फँटसी चौदा' हा कथाप्रधान खेळ आहे. त्याचे कथानक ओलांडण्यास शेकडो तास लागतात आणि त्यात मृत्यू आहेत, विश्वासघात आहेत. नवखा विचारतो, अमुक पात्र परत केव्हा भेटते? जाणत्याला ठाऊक असते की ते परत भेटत नाही. आता उत्तर काय द्यावे? 'पुढे जात राहा' हे वाक्य अशा वेळी वाहिनीवर वारंवार दिसते. त्यात माहिती शून्य आहे, आणि जाणता वाचक त्या शून्यातूनच सर्व काही ओळखू शकतो. ते नवख्याला कळू नये म्हणून वाक्य शक्य तितके निर्विकार ठेवावे लागते. शैलीचा एवढा काटेकोर विचार त्या वाहिनीवर रात्री अकरा वाजता कोणीतरी अनामिक मनुष्य करीत असतो.

तो हे का करतो? रोलां बार्त यांनी १९७० च्या 'एस/झेड'मध्ये पुनर्वाचनाचा पुरस्कार केला. एकदाच वाचून टाकून देणे ही बाजाराची सवय असल्याचे त्यांचे म्हणणे होते. परंतु पुनर्वाचकाजवळ एक गोष्ट उरत नाही आणि ती म्हणजे पहिले वाचन. मार्गदर्शकाला कथेचे सर्व काही मिळालेले आहे, फक्त ते न ठाऊक असण्याची अवस्था त्याला परत मिळणार नाही. नवख्याजवळ ती आहे. म्हणून तो नवख्याच्या शेजारी बसून त्याच्या अज्ञानाचे रक्षण करतो आणि त्या अज्ञानातून पुन्हा एकदा पाहून घेतो. या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मुकुट आणि पान यांवरून ठरवता येणार नाही. ज्ञानेश्वरीत वक्त्याला श्रोत्यांच्या अवधानाची जी ओढ आहे, तिच्याशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरावा हे बरे. तेथील अवधान वेगळ्या कोटीचे आहे.

उलट बाजूने एक सावधगिरीचा दाखला महानुभाव परंपरेतून घेता येईल. श्रीचक्रधरांची वचने लीळांमधून वेगळी काढून त्यांचा सूत्रपाठ सिद्ध झाला. पुढील टीकाकारांना मग सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून निघाले हे परत जोडून देण्याचा मोठा उद्योग करावा लागला. वाहिनीवरचे उत्तर असेच प्रसंगात जन्मते आणि क्षणात वर सरकून नाहीसे होते. जे उरते ते खेळाडूंनी रचलेल्या ज्ञानकोशांत, प्रसंग गाळून, सूत्ररूपाने. 'उजवीकडील दरवाजा आधी' हे सूत्र उपयोगी आहे. ते पहिल्यांदा कोणी, तिसऱ्यांदा मेलेल्या आणि रडकुंडीस आलेल्या कोणाला सांगितले, हे तेथे नसते.

या साऱ्या सौजन्याला अर्थकारणाची एक बाजू आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. 'अल्टिमा ऑनलाइन' या १९९७ च्या खेळात निळ्या झग्यातील स्वयंसेवक समुपदेशक नव्या खेळाडूंच्या हाकेला धावून जात. २००० साली त्यांच्यापैकी काहींनी, हे काम नोकरीच होते आणि त्याचे वेतन मिळावयास हवे, असा दावा अमेरिकी न्यायालयात लावला. ज्या उद्योगात खेळाडू दरमहा शुल्क भरतो, त्यात दुसऱ्या खेळाडूला टिकवून धरणारा खेळाडू काय आहे: ग्राहक, कामगार, की यजमान? दावेदारांनी दुसरे उत्तर दिले, निर्मात्यांना पहिले सोयीचे होते. तिसरे उत्तर न्यायालयात मांडण्याजोगे नाही, आणि नवख्याशी रात्री बोलत बसलेल्यांपैकी बहुतेकांना तेच खरे वाटत असावे.

२००२ साली जपानात आलेल्या 'फायनल फँटसी अकरा'मध्ये जपानी आणि पुढे अमेरिकी खेळाडू एकाच सर्व्हरवर खेळत. त्यांच्यासाठी ठराविक वाक्प्रयोगांचा एक कोश खेळातच बसवलेला होता. खेळाडूने त्यातून वाक्य निवडले की ते वाचणाऱ्याच्या पडद्यावर त्याच्या भाषेत, हिरव्या व तांबड्या कंसांत उमटे. नमस्कार, मदत हवी आहे, आभार, क्षमा असावी. व्याकरण नाही, क्रियापदाची रूपे नाहीत, आदरार्थी-एकवचनी भेद नाही. चौदाव्या खेळातही हा कोश जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या चार भाषांत चालतो. मराठी खेळाडूला तो जर्मनाशी बोलण्यास उपयोगी पडतो, पण त्याचे स्वतःचे वाक्य मात्र त्याला यांपैकी एका परभाषेत वाचावे लागते. पहिल्या दिवशी, नावापुढे पान घेऊन, तो कोश उघडतो, मदत मागणारे वाक्य शोधतो आणि पाठवतो. समोरच्या जपानी माणसाला ते अस्खलित जपानीत दिसते, आणि हा मनुष्य भाषेतही नवखा आहे हे त्याला कळत नाही.